अल्पकालीन ख्रिस्ती सेवादौरा

आपल्या मंडळीतर्फे (म्हणजे चर्चच्या स्थानिक सदस्य-समुदायातर्फे) किंवा एखाद्या ख्रिस्ती संस्थेमार्फत काही दिवस ते काही आठवडे दुसऱ्या प्रदेशात जाऊन तेथील लोकांमध्ये बांधकाम, आरोग्यसेवा, अध्यापन, आपत्तिनिवारण किंवा सुवार्ताप्रसार (येशूच्या संदेशाचा प्रचार) यांपैकी एखादे काम विनावेतन करणे, याला अल्पकालीन सेवादौरा म्हणतात. बोलण्यात ‘मिशन ट्रिप’ हा शब्द अधिक चालतो. परमुलखात आयुष्य घालवणाऱ्या, तेथली भाषा शिकून व्याकरणे आणि कोश रचणाऱ्या जुन्या मिशनऱ्याहून हा स्वयंसेवक वेगळा आहे. तो नोकरी किंवा शिक्षण न सोडता जातो, प्रवासखर्च स्वतःच्या खिशातून किंवा मंडळीच्या देणग्यांतून भागवतो आणि ठरलेल्या तारखेला परततो. या प्रथेचे बरेवाईट परिणाम बहुतांशी या परतीच्या तारखेशी निगडित आहेत.

प्रथेचे समर्थन करताना बायबलमधील लूककृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायाचा आधार घेतला जातो. तेथे येशू आपल्या शिष्यांना दोघादोघांनी पुढे पाठवतो आणि थैली, झोळी, वहाणा बरोबर घेऊ नका, एकाच घरी राहा, पुढे वाढतील ते खा, असे बजावतो. या आज्ञेत जाणारा रिकाम्या हाताने जातो आणि यजमानावर अवलंबून राहतो, ही गोष्ट आजच्या दौऱ्यांच्या संदर्भात फार महत्त्वाची आहे; कारण सामानाने भरलेल्या बॅगा घेऊन येणारा गट देणाऱ्याच्या भूमिकेत सुरुवातीपासूनच उभा असतो आणि पाहुणा होणे त्याला जड जाते.

आधुनिक स्वरूपातील दौरे दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत वाढले. १९५७ मध्ये जॉर्ज व्हर्वर हा महाविद्यालयीन तरुण दोन मित्रांसह स्पॅनिश भाषेतील धर्मसाहित्य घेऊन मेक्सिकोत गेला. त्या उपक्रमातून पुढे ‘ऑपरेशन मोबिलायझेशन’ ही संस्था उभी राहिली. १९६० मध्ये लॉरेन कनिंगहॅम यांनी ‘यूथ विथ अ मिशन’ स्थापन केली. धर्मप्रशिक्षण न घेतलेल्या सामान्य तरुणालाही काही काळापुरते पाठवता येते, ही कल्पना या दोन्ही संस्थांनी रुजवली. विमानप्रवास स्वस्त झाल्यावर स्थानिक मंडळ्या स्वतःच गट पाठवू लागल्या. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वुथनाऊ यांच्या पाहणीवरून २००५ च्या सुमारास अमेरिकेतून दरवर्षी सुमारे १६ लाख चर्चसदस्य अशा परदेश दौऱ्यांवर जात असल्याचा अंदाज निघतो. दक्षिण कोरियातील मंडळ्याही मोठ्या संख्येने गट पाठवतात.

दौऱ्याची घडण सर्वत्र साधारण सारखी असते. काही महिने आधी निधी गोळा केला जातो, दौऱ्यासाठी प्रार्थना करणाऱ्यांची नावे मागितली जातात, गटाच्या बैठका होतात. परतल्यावर उपासनेत साक्ष दिली जाते, म्हणजे आपला अनुभव सर्वांसमोर सांगितला जातो, आणि छायाचित्रे दाखवली जातात. मेक्सिकोच्या सीमेवरील तिजुआना शहरात १९८० पासून काम करणाऱ्या ‘अमोर मिनिस्ट्रीज’च्या घरबांधणीवरून प्रत्यक्ष कामाची कल्पना येते. घर कोणत्या कुटुंबाला द्यायचे हे तेथील स्थानिक पाळक (चर्चचे धर्मगुरू) ठरवतात, कारण वस्तीतली खरी गरज त्यांना ठाऊक असते. विजेची अवजारे वापरली जात नाहीत. सिमेंट, वाळू आणि खडी फावड्याने कालवून जमिनीचा थर टाकला जातो, लाकडी चौकट हातोड्याने ठोकून उभी केली जाते, तिच्यावर डांबरी कागद आणि तारेची जाळी ताणून वरून गिलावा दिला जातो. ज्यांचे घर आहे ते लोकही बरोबर राबतात. हे काम अननुभवी हातांना जमावे असेच आखलेले असल्याने काही दिवसांत लहानसे पण पक्के घर तयार होते. अकुशल गटाकडून नेमके काय करून घेता येते याचा विचार येथे स्थानिक माणसांनी आधी केलेला असतो, आणि हे उदाहरण त्याचमुळे उजवे ठरते.

बांधकाम चांगले झाले तरी खर्चाचा प्रश्न उरतोच. ऑक्टोबर १९९८ मधील ‘मिच’ चक्रीवादळाने होंडुरासमध्ये हजारो घरे वाहून गेल्यावर उत्तर अमेरिकेतून अनेक गट घरे बांधायला गेले. होंडुरासमध्ये दीर्घकाळ राहिलेले समाजशास्त्रज्ञ कर्ट व्हेर बीक यांनी या कामाचा नंतर अभ्यास केला. स्थानिक संस्थेला साधारण २,००० डॉलरमध्ये बांधता येणाऱ्या घरामागे परदेशी गटाचा खर्च, मुख्यतः प्रवासामुळे, सुमारे ३०,००० डॉलरपर्यंत जात होता. आणि परदेशी गटांनी बांधलेल्या घरांतील कुटुंबे व स्थानिक ख्रिस्ती संस्थांनी बांधून दिलेल्या घरांतील कुटुंबे यांच्या पुढील आयुष्यात फरक आढळला नाही. दौऱ्यामुळे आपले दातृत्व वाढले असे अनेक सहभागींनी सांगितले, पण देणग्यांच्या नोंदींत तेवढी वाढ दिसली नाही. जाणाऱ्याचे आयुष्य बदलते हा या प्रथेचा सर्वाधिक ऐकू येणारा दावा असल्याने हा निष्कर्ष गांभीर्याने घ्यावा लागतो.

याआधीच १९६८ मध्ये कॅथलिक धर्मगुरू इव्हान इलिच यांनी मेक्सिकोत उन्हाळी सेवेला जाणाऱ्या अमेरिकी विद्यार्थ्यांसमोर परखड भाषण केले होते. पाहायला या, शिकायला या, पण मदत करायला येऊ नका, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. चांगल्या हेतूने कायदा ओलांडला की काय होते हे जानेवारी २०१० मधील भूकंपानंतर हैतीत दिसले. तेथून ३३ मुलांना आवश्यक कागदपत्रांविना डॉमिनिकन प्रजासत्ताकात नेण्याचा प्रयत्न करणाऱ्या १० अमेरिकी स्वयंसेवकांना अटक झाली, आणि त्यांतील अनेक मुलांचे आईवडील हयात असल्याचे उघड झाले. अनाथालयांना दिलेल्या भेटींबाबतही हाच धोका आहे. दर आठवड्याला नवा गट येऊन मुलांना जवळ घेतो आणि निघून जातो. त्याने मुलांच्या मनावर आघात होतो, शिवाय पाहुण्यांकडून पैसा मिळतो म्हणून पालक असलेली मुलेही संस्थेत ठेवली जातात. काही दिवसांच्या दौऱ्यात लहान मुलांची काळजी घेण्याचे काम ठेवूच नये, या मताला आता ख्रिस्ती संस्थांमध्येही मोठा पाठिंबा आहे.

वैद्यकीय क्षेत्रात अल्प मुदतीचा उपयोग अधिक स्पष्ट दिसतो, मात्र त्यासाठी मागे कायमची व्यवस्था असावी लागते. १९७८ मध्ये सुरू झालेली ‘मर्सी शिप्स’ ही संस्था आफ्रिकेच्या बंदरांत रुग्णालय-जहाज कित्येक महिने उभे ठेवते. शल्यचिकित्सक आणि परिचारिका काही आठवड्यांसाठी स्वखर्चाने येतात, पण रुग्णांची निवड, नोंदी, शस्त्रक्रियेनंतरची देखभाल आणि स्थानिक डॉक्टरांचे प्रशिक्षण ही कामे दीर्घकाळ राहणाऱ्या चमूकडे असतात. याउलट एका दिवसाचे शिबिर भरवून रक्तदाबाच्या गोळ्या वाटणाऱ्या गटाने पुढच्या महिन्याच्या गोळ्यांची सोय केली नसेल, तर रुग्णाच्या हाती फारसे काही लागत नाही.

या टीकेची दखल घेऊन ब्रिटन आणि अमेरिकेतील संस्थांनी आचारसंहिता तयार केल्या. यजमान मंडळीशी बरोबरीची भागीदारी, आधीचे प्रशिक्षण, पैशांचा उघड हिशेब आणि परतल्यावरचा पाठपुरावा यांवर त्यांत भर आहे. काम चांगले झाले की नाही हे यजमानांना विचारूनच ठरवावे, ही अपेक्षा त्यांतील सर्वांत मोलाची आहे. कारण पाहुण्याला तोंडावर नकार देणे बहुतेक समाजांत अवघड असते आणि गटाला ऐकू येते ती फक्त स्तुती.

भारतात परदेशी नागरिकांना पर्यटक व्हिसावर धर्मप्रचार करता येत नाही. त्यासाठी वेगळा मिशनरी व्हिसा आहे. परदेशी डॉक्टरांना रुग्ण तपासण्याआधी तात्पुरती परवानगी घ्यावी लागते आणि परदेशी देणग्यांना २०१० चा विदेशी अंशदान विनियमन कायदा लागू होतो. महाराष्ट्रात या संदर्भात जामखेडचे काम विशेष लक्षणीय आहे. वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेल्या डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० मध्ये तेथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला आणि गावांनीच निवडलेल्या, बहुधा निरक्षर, स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. बाळंतपण, कुपोषण, लसीकरण अशी कामे त्या आपल्याच गावात राहून करू लागल्या. या प्रकल्पात अनेक देशांतून विद्यार्थी आणि आरोग्य कर्मचारी अल्प मुदतीसाठी येतात, पण ते प्रशिक्षणार्थी म्हणून येतात आणि त्यांना शिकवणाऱ्यांमध्ये या आरोग्यसेविकाही असतात.