औष्णिक विद्युत केंद्रातील इंधन व ज्वलन
भारतातील औष्णिक विद्युत केंद्रांचे मुख्य इंधन दगडी कोळसा हे असून नेयवेलीसारखी काही केंद्रे लिग्नाइटवर (कमी प्रतीच्या तपकिरी कोळशावर) चालतात. चंद्रपूर, कोराडी व खापरखेडा येथील केंद्रे विदर्भातील कोळसाक्षेत्रांजवळ उभारलेली आहेत.

हा दगडी कोळसा गोंडवन शैलसमूहातील (गाळाच्या प्राचीन खडकांच्या एका गटातील), बहुतांशी पर्मियन काळातील, म्हणजे स्थूलमानाने ३० ते २५ कोटी वर्षांपूर्वीचा मानला जातो. त्यात गंधक सहसा ०.५ टक्क्याच्या आसपास, पण राख ३० ते ४५ टक्के असते. एवढी राख कोठून आली, याविषयी मतभेद आहेत. थरांखाली मुळे असलेली माती क्वचितच आढळते, यावरून वनस्पतींचे अवशेष प्रवाहाबरोबर गाळासह वाहून येऊन साचले, असे जुने मत आहे. काही थरांच्या सान्निध्यात मुळांचे जीवाश्म सापडल्यामुळे मूळ जागीच दलदल होती, असा दुसरा पक्ष मांडला जातो. अवशेष थोडेच अंतर सरकले व पुराचा गाळ त्यांत वेळोवेळी मिसळला, हे मधले मत अधिक ग्राह्य दिसते. कसेही असले, तरी खनिज कण कोळशात इतके बारीक विखुरलेले असतात की धुऊनही राख फारशी घटत नाही.

प्रतवारीसाठी पूर्वी ‘उपयुक्त उष्मांक’ (राख व आर्द्रता वजा जाता कोळशातून मिळणाऱ्या उष्णतेचा अंदाज) धरीत. राख व आर्द्रता यांच्या टक्केवारीच्या बेरजेला १३८ ने गुणून तो गुणाकार ८,९०० मधून वजा केला, की तो दर किलोग्रॅमला किलोकॅलरीत मिळे. १ जानेवारी २०१२ पासून मोजलेला स्थूल उष्मांक (कोळसा जाळल्यावर मिळणारी एकूण उष्णता) आधारभूत झाला. किलोग्रॅममागे ३,५०० किलोकॅलरीच्या आसपासचा कोळसा असल्यास एका युनिट विजेला साधारणतः ०.७ किलोग्रॅम लागतो.

बंकरमधून (साठवणीच्या टाकीतून) फीडरवाटे (ठराविक प्रमाणात कोळसा सोडणाऱ्या यंत्रावाटे) मिलमध्ये (दळणयंत्रात) आलेला कोळसा असा दळतात की सुमारे ७० टक्के भुकटी ७५ मायक्रॉनच्या चाळणीतून जावी. गरम प्राथमिक हवा ती भुकटी वाळवून बर्नरपर्यंत नेते. उरलेली हवा भट्टीत स्वतंत्रपणे सोडतात. प्रथम कोळसा तापून निघणारे बाष्पनशील वायू पेटतात, मग उरलेला कार्बन तुलनेने सावकाश जळतो. हवा गरजेपेक्षा सुमारे २० टक्के अधिक देतात: कमी पडल्यास न जळलेला कार्बन राखेत जातो, जास्त झाल्यास उष्णता चिमणीवाटे निघून जाते. पावसाळ्यात ओला कोळसा बंकरच्या तोंडाशी चिकटतो, बाहेरून घणाचे ठोके देऊन तो मोकळा करावा लागतो. मिलमधून निघणाऱ्या हवेचे तापमान उतरते आणि ज्योत टिकवण्यासाठी तेलाचा आधार घ्यावा लागतो. बॉयलर थंड अवस्थेतून पेटवतानाही हलके डिझेल तेल किंवा भट्टीचे तेल वापरतात.

राखेपैकी सुमारे चार पंचमांश धुराबरोबर उडते. गंधक कमी असणे हवेच्या दृष्टीने हितावह, परंतु त्यामुळे राखेचा विद्युत रोध वाढतो, विद्युत भाराने ती ओढणे अवघड होते आणि ती पकडणारी स्थिरविद्युत अवक्षेपण यंत्रे मोठी ठेवावी लागतात.

नैसर्गिक वायूचे ज्वलन उरण येथील केंद्रात थेट गॅस टर्बाइनमध्ये होते. तेथे राखेचा प्रश्न येत नाही.