उंबरगाव ठाणे जिल्ह्यातून कसं गेलं, त्याची पार्श्वभूमी

वेवजी आणि सोळसुंबा या दोन ग्रामपंचायतींच्या मधल्या दिव्याच्या खांबांची बातमी अधूनमधून वर येते. गुजरातच्या सोळसुंब्याने लावलेले खांब महाराष्ट्राच्या वेवजीत आलेत अशी वेवजीकरांची तक्रार आहे. २०२२च्या डिसेंबरात बेळगाव पेटलं तेव्हा चॅनलवाल्यांना हा विषयही आयता मिळाला आणि ठाण्यातल्या झाडून सगळ्या ग्रुपवर एकच सूर लागला, की बघा, गुजरातने आपली जमीन ढापली. ढापली की नाही ते मोजणीवाले बघतील, पण ही हद्द तिथे आली कुठून हे कुणी विचारेना, आणि बहुतेकांना हेही माहीत नव्हतं की वेवजी आणि सोळसुंबा दोन्ही १९६०पर्यंत एकाच तालुक्यात होते, तो तालुका उंबरगाव, आणि त्याचा जिल्हा ठाणे. म्हणून हे लिहितोय.

फार मागे जात नाही. संजाण जवळच आहे, पारशी तिथे उतरले ती गोष्ट शाळेत सगळ्यांनी वाचलीय. मधे पोर्तुगीज, मग १७३९च्या मोहिमेत हा सगळा किनारा मराठ्यांकडे, मग इंग्रज. एवढंच लक्षात ठेवा की १७८३ला मराठ्यांनी नगर हवेली पोर्तुगीजांना एका जहाजाच्या नुकसानभरपाईत दिली आणि त्यामुळे उंबरगावच्या पूर्वेला पुढची पावणेदोनशे वर्षं परक्या देशाची सीमा राहिली. दारू, सोनं, कापड, सगळ्याची चोरटी ये-जा असणार हे सांगायला नको. सन ५४च्या जुलै-ऑगस्टात दादरा आणि सिल्व्हासा सुटले तेव्हा आत घुसलेल्यांमध्ये पुण्या-मुंबईचे स्वयंसेवक होते तसे लाल बावट्याचे आदिवासीही होते, पण ते सहसा फोटोत नसतात.

१८६४ला रेल्वे आली तशी इथली वस्ती अजून मिसळली. किनाऱ्याला मांगेला, माच्छी, भंडारी; वाड्यांमध्ये वाडवळ; आत जंगलात वारली, दुबळा, धोडिया, कोकणा; बाजारात गुजराती वाणी; बागायतीत आणि दारूच्या गुत्त्यांवर पारशी, मागून आलेले इराणी; शिवाय मुसलमान. घरात बोलायची भाषा प्रत्येकाची वेगळी, बाजारात आली की गुजरातीकडे झुकणारी, आणि मामलेदार कचेरीतून ठाण्याला जाणारा कागद मराठीत किंवा इंग्रजीत. एक माणूस दिवसभरात तीन भाषा बोलायचा आणि त्यात त्याला काही विशेष वाटत नसे. पुढे जनगणनेच्या फॉर्मवर त्याला त्यातली एकच सांगावी लागली, तिथून खरा घोळ सुरू होतो.

त्याआधी सन ४५. वारल्यांचा उठाव याच तालुक्यात झरीला सुरू झाला, वेठ बंद, लग्नगडी (लग्नाच्या कर्जापायी सावकाराकडे राबणारा वेठबिगार) बंद, गवत कापायची मजुरी वाढवा. ऑक्टोबरात तलवाड्याला गोळीबार झाला, पाच माणसं गेली. हे सांगायचं कारण असं की १९६०ला नकाशावर रेघ मारली गेली ती या उठावाच्या बरोब्बर मधून. काहीजण म्हणतात मुद्दाम, लाल पट्टा तोडायला. मला तसं वाटत नाही. मुद्दाम तोडायला आधी त्या लोकांची दखल घ्यावी लागते, आणि तेव्हाच्या वाटाघाटीत वारली नावाचा माणूस कुठल्याच टेबलावर नव्हता.

आता मूळ मुद्दा. सन ५६ला द्विभाषिक मुंबई राज्य झालं ते कुणालाच नको होतं, ५९ संपता संपता दिल्लीने मोडायचं ठरवलं. मुंबई कुणाची हा वाद तोवर संपलेला, राहिले दोन-तीन तुकडे: डांग, पश्चिम खानदेशची काही गावं, आणि उंबरगाव. डांगबद्दल निदान बारा वर्षं आरडाओरडा चालू होता, मोठमोठे नेते तिथे जाऊन 'हे गुजराती बोलतात' 'नाही, मराठी बोलतात' करून आले होते. उंबरगावच्या वाट्याला तेवढंही आलं नाही. २५ एप्रिल १९६०ला पुनर्रचना कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली, त्याच्या पहिल्या परिशिष्टात गावांची यादी आहे, आणि त्या यादीत उंबरगाव तालुक्यातली पन्नासच्या आसपास गावं सुरत जिल्ह्याला दिलीत. तालुक्याचं नावही त्यांच्याबरोबर गेलं. इकडे पंचवीस-तीस गावं उरली, त्यांना नाव नाही, कचेरी नाही, त्यांचा मिळून तलासरी महाल, म्हणजे तालुक्याहून छोटा विभाग, केला, तोच आजचा तलासरी तालुका. म्हणजे उंबरगाव गुजरातला 'गेलं' असं आपण म्हणतो ते अर्धंच आहे, तालुका फाडला आणि कचेरी, बाजार, स्टेशन असलेला भाग तिकडे गेला.

इथे नीट लक्ष द्या, कारण आपली सगळी भांडणं इथेच अडकतात. तालुका अख्खा दिला नाही, अख्खा ठेवला नाही, गाव हा घटक धरून वाटला. गाव हा घटक, सलग भूभाग, बहुसंख्यांची भाषा. ओळखीचं वाटतंय ना? बेळगाव-निपाणी-कारवारसाठी महाराष्ट्र इतकी वर्षं नेमकं हेच मागतोय, आंध्र आणि मद्रासची हद्द ठरवताना हेच लावलं होतं असा दाखलाही देतोय. तत्त्व तेच, पण दक्षिणेला त्याने आपली गावं मिळावीत असं आपल्याला वाटतं आणि उत्तरेला त्याने आपली गेली तर ढापली म्हणतो. गुजराती मित्राशी या विषयावर बोलताना हे आधी कबूल करावं, नाहीतर तो पहिल्या मिनिटात गप्प करतो.

पण, आणि हा पण मोठा आहे, तत्त्व बरोबर असलं तरी मोजलेली भाषा बरोबर होती का? वारली बोली कुणाची? १९०५ला छापलेल्या सरकारी भाषा सर्वेक्षणात ती मराठीच्या खंडात आहे. भिल्लांच्या बोली त्याच सर्वेक्षणात गुजरातीच्या अंगाला. मग वारल्यांचं गाव गुजराती भाषिक कसं झालं? तर गावात शाळा असली तर ती गुजराती, सावकार गुजराती किंवा पारशी, खतावणी गुजराती, नोंद घेणारा माणूसही बाजारातलाच. मांगेल्यांचं तर अजून सोपं, त्यांची बोली ऐकली की डहाणू-सातपाटीचा माणूस पाचव्या वाक्याला त्यांच्यात मिसळतो, तरी नारगोळ-उंबरगावचा किनारा तिकडे. गुजरातच्या बाजूने बोलायचं तर शहराचा, बाजाराचा, शाळेचा कल खरोखर गुजरातीकडे होता आणि उंबरगाव गावापुरता तो दावा चुकीचा म्हणता येणार नाही. पण आतल्या जंगलपट्टीचा निकाल बाजाराच्या भाषेवर लावला गेला असं माझं स्पष्ट मत आहे. विरोधी बाकांवरून डांग-उंबरगावबद्दल नापसंती व्यक्त झाली, पण खरं सांगायचं तर १ मेच्या आधी मुंबई मिळाल्याचा आनंद इतका होता की या गावांसाठी ठाण्यात दुकानं बंद झाली असतील असं वाटत नाही.

कायदे मात्र दोन्हीकडे तेच राहिले, कारण दोघांचा बाप मुंबई राज्य. सातबारा इकडेही, तिकडेही. १ एप्रिल १९५७ हा कूळ-मालकीचा दिवस, म्हणजे कसणारं कूळ जमिनीचं मालक झालं तो, दोन्हीकडे लागू, फक्त पुढची अंमलबजावणी एकीकडे गुजरात सरकारने करायची, एकीकडे महाराष्ट्र सरकारने. पुढे ६४ला सुरतमधून वलसाड जिल्हा निघाला, उंबरगाव तिकडे. २०१४ला ठाण्यातून पालघर निघाला, तलासरी तिकडे. आता मूळ तालुक्याचा एकही तुकडा ना सुरतेत ना ठाण्यात.

याचा त्रास ठाण्यात बसूनही होतो. कळव्यातल्या ओळखीच्या एका वारली कुटुंबाला मुलीच्या दाखल्यासाठी ६ सप्टेंबर १९५०च्या आधीचा रहिवासाचा पुरावा हवा होता. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला सापडला, पिवळा, घडीवर फाटलेला, मजकूर अख्खा गुजराती लिपीत, शिक्का पुसट, आणि खाली गुजरातीतच 'जिल्लो थाणा'. खिडकीवरच्या बाईंचं म्हणणं हा परराज्यातला कागद. यांचं म्हणणं अहो जिल्हा वाचा, ठाणे लिहिलंय. दोघंही बरोबर. मग भाषांतर करून आणा, नोटरी करा, वलसाडला जाऊन पडताळणी आणा. नवापूर स्टेशनच्या बाकावर अर्धं महाराष्ट्रात अर्धं गुजरातमध्ये बसून सेल्फी काढतात, ते स्टेशनही याच १९६०च्या रेघेचं पोर, पण दाखल्याच्या वेळी तसं अर्धंअर्धं चालत नाही.

नंतरच्या काळात दोन्ही बाजू फारच वेगळ्या झाल्या. हद्दीच्या अलीकडे, आपल्या बाजूला, डहाणू तालुका १९९१पासून पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर, नव्या कारखान्यांवर बंधनं, चिकूच्या वाड्या. पलीकडे उंबरगावची जीआयडीसी, म्हणजे गुजरातची सरकारी औद्योगिक वसाहत. त्यामुळे सकाळी तलासरीच्या पोरांच्या बाईक एमएच ४८च्या पाट्या घेऊन तिकडे कामाला, आणि संध्याकाळी जीजे १५च्या पाट्या झाई-बोर्डीकडे, कारण गुजरातेत दारूबंदी. पेट्रोल भरायचं तिकडे, बाटली घ्यायची इकडे, लग्नं दोन्हीकडे. जीआयडीसीत आता उत्तर प्रदेश, बिहारचे कामगार इतके आहेत की उमरगाम रोड स्टेशनबाहेर हिंदीच जास्त ऐकू येते, म्हणजे ज्या बाजाराच्या भाषेवर एवढं ठरलं तीही आता तिथे एकटी उरली नाही. बाकी ठाणेकरांना उंबरगाव माहीत असतं ते टीव्हीवरच्या रामायणाचं शूटिंग तिथे झालं म्हणून.

बंदराचं प्रकरण वेगळं लिहायला हवं, इथे थोडक्यात. नव्वदच्या दशकाच्या शेवटी या किनाऱ्यावर दोन मोठी बंदरं येऊ घातली होती, डहाणूजवळ वाढवणला एक आणि उंबरगावला मरोलीजवळ एक. वाढवणचं १९९८ला डहाणूच्या पर्यावरण प्राधिकरणाने अडवलं. उंबरगावला असं प्राधिकरण नव्हतं, तिथे मच्छीमार आणि बागायतदार रस्त्यावर उतरले, एप्रिल २०००मध्ये पोलिसांनी आंदोलकांना धरलं आणि त्यांच्या नेत्याचा, प्रताप सावे या निवृत्त लष्करी अधिकाऱ्याचा, मुंबईतल्या हॉस्पिटलात मृत्यू झाला. कोठडीत मारहाण झाली असा आरोप होता. त्यानंतर ते बंदर मागे पडलं. आडनावावरून तो माणूस वाडवळ, आंदोलनातले कितीतरी घरात मराठीची बोली बोलणारे, पण मराठी पेपरांनी ती बातमी गुजरातची म्हणून छापली. वाढवणला जून २०२४मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली. झाईची आणि उंबरगावची होडी एकाच पाण्यात जाळं टाकते, तरी जनसुनावणी झाली ती पालघर जिल्ह्यापुरती.