प्रीती, कुटुंब आणि कायदा : ख्रिस्ती दृष्टिकोन

ख्रिस्ती नीतिविचारात प्रीती ही सर्वांत मोठी आज्ञा आहे. कुटुंब हे राज्यसंस्थेच्याही आधीचे मानले जाते, आणि कायदा करण्याचा अधिकार राज्यकर्त्यांचा आहे हेही मान्य केले जाते. श्रद्धावंतांनी स्वतःहून स्वीकारलेली बंधने साऱ्या समाजासाठी कायदा व्हावीत का, आणि झाली तर कुठवर, हा या तिन्हींतून उभा राहणारा जुना वाद आहे. त्याला एकच ‘ख्रिस्ती’ उत्तर नाही. पंथागणिक आणि शतकागणिक ते बदलत आले आहे.

देवावर आणि शेजाऱ्यावर प्रीती करणे या दोन आज्ञांवर सारे नियमशास्त्र (ज्यूंना मोशे या संदेष्ट्याकडून मिळालेला धर्मकायदा) अवलंबून आहे, असे येशूने सांगितले (बायबलमधील मत्तयाचे शुभवर्तमान, अध्याय २२). प्रीती हीच नियमशास्त्राची पूर्तता, असे येशूचा प्रेषित पौल रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायात लिहितो. पण त्याच अध्यायाच्या सुरुवातीला तलवार बाळगणाऱ्या अधिकाऱ्याला त्याने देवाचा सेवक म्हटले आहे. प्रीती आणि दंडशक्ती एकाच पानावर आहेत, आणि पुढची सारी ओढाताण तिथूनच सुरू होते.

या विषयावर ‘कैसराचे ते कैसराला’ (कैसर म्हणजे रोमन सम्राट) हे येशूचे वचन हटकून पुढे केले जाते. वास्तविक ते कराच्या प्रश्नाचे उत्तर आहे. कुटुंबाच्या संदर्भात मत्तय १९ मधला संवाद अधिक कळीचा ठरतो. सूटपत्र देऊन बायकोला सोडण्याची मुभा मोशेने का दिली, असे परूशी (नियमशास्त्र काटेकोरपणे पाळणाऱ्या ज्यू पंथाचे लोक) विचारतात. तुमच्या अंतःकरणाच्या कठोरपणामुळे दिली, प्रारंभापासून तसे नव्हते, असे येशू म्हणतो. म्हणजे विवाहाचा आदर्श एक आणि माणसांची कुवत पाहून केलेला कायदा दुसरा, हा भेद खुद्द शुभवर्तमानातच आहे. बाहेरच्यांचा न्याय करणे हे माझे काम नव्हे, असे पौलही करिंथकरांस लिहितो. तो बोलतो आहे मंडळीच्या शिस्तीविषयी, तरीही नागरी कायद्याच्या चर्चेत हे वचन वारंवार आधाराला घेतले गेले आहे.

चर्चला राजाश्रय मिळाल्यावर चित्र पालटले. सम्राट कॉन्स्टंटाइनने ३३१ मध्ये एकतर्फी घटस्फोटावर कडक निर्बंध घातले. मध्ययुगात पश्चिम युरोपातील विवाहविषयक तंटे चर्चच्या न्यायालयांकडे गेले. त्या काळातही टॉमस अक्वाइनस या धर्मशास्त्रज्ञाने एक मर्यादा आखून दिली होती. कायदा सर्वांसाठी असतो आणि बहुतेक माणसे सद्गुणांत परिपूर्ण नसतात. म्हणून कायद्याने प्रत्येक दुर्गुणावर बंदी घालू नये, मुख्यतः इतरांना अपाय करणारे गंभीर अपराध रोखावेत, असे त्याचे म्हणणे होते. धर्माच्या नावाने कडक कायदे मागणाऱ्यांना हा युक्तिवाद सहसा आठवत नाही.

सोळाव्या शतकात प्रोटेस्टंट पंथांना जन्म देणाऱ्या धर्मसुधारणेने प्रश्नाची मांडणीच बदलली. तिचा प्रणेता मार्टिन ल्यूथर याने विवाहाला सांसारिक व्यवहार म्हटले आणि त्याचे नियमन नागरी सत्तेकडे सोपवले. विवाह ही देवाने नेमलेली अवस्था आहे, हे मात्र त्याने सोडले नाही. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट येथील परिषदेने १५६३ मध्ये उलट दिशेने पाऊल टाकले. धर्मगुरू आणि साक्षीदार यांच्यासमोर न झालेला विवाह कॅथलिकांसाठी वैध राहिला नाही. १७९२ मध्ये क्रांतिकालीन फ्रान्सने विवाहनोंदणी चर्चकडून काढून घेतली आणि घटस्फोटही कायदेशीर केला. तेव्हापासून अनेक देशांत विवाहविधी आणि विवाहाचा कायदा वेगवेगळ्या वाटांनी गेले.

आधुनिक राज्य घरात शिरू लागल्यावर कुटुंबाच्या स्वायत्ततेची बाजू मांडावी लागली. पोप लिओ तेरावा याने १८९१ च्या परिपत्रकात कुटुंब हे राज्याहून जुने असून त्याचे हक्कही राज्याने दिलेले नाहीत, असे मांडले. मात्र कुटुंब अत्यंत विपन्न झाले किंवा घरातच परस्परांचे हक्क तुडवले जाऊ लागले, तर सार्वजनिक सत्तेने हस्तक्षेप करावा, असेही त्यात आहे. घरातल्या मारहाणीवर पडदा टाकण्यासाठी ‘कुटुंबाचे पावित्र्य’ पुढे करणाऱ्यांना म्हणूनच या परिपत्रकात आधार सापडणार नाही. नेदरलँड्समध्ये अब्राहम काइपर या कॅल्व्हिनपंथी (प्रोटेस्टंट सुधारक कॅल्व्हिनला मानणाऱ्या) विचारवंताने कुटुंब, चर्च आणि राज्य यांना आपापल्या क्षेत्रात स्वतंत्र अधिकार आहेत, असे १८८० मध्ये मांडले होते.

वाद बहुधा घटस्फोट आणि लैंगिक नीतीभोवती फिरतो, पण प्रीतीने कायदा मागितल्याची उदाहरणे अधिक बोलकी आहेत. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत गुलामांच्या विवाहाला कायद्याची मान्यता नव्हती. चर्चमध्ये लग्न लागले तरी मालक नवरा, बायको आणि मुले वेगवेगळी विकू शकत असे. तिथे कायदा बदलल्यावाचून कुटुंबाची रक्षा शक्यच नव्हती. ब्रिटनमध्ये लॉर्ड अ‍ॅशली (पुढे शाफ्ट्सबरीचा अर्ल) या इव्हँजेलिकल (बायबल आणि वैयक्तिक श्रद्धेवर भर देणाऱ्या प्रोटेस्टंट प्रवाहातील) खासदाराच्या पुढाकाराने १८४२ चा कायदा झाला आणि स्त्रिया, मुली व दहा वर्षांखालील मुलगे यांना खाणीच्या पोटात कामाला लावण्यास बंदी आली. बॅप्टिस्ट पाळक मार्टिन ल्यूथर किंग आपल्या भाषणांतून सांगत, की कायदा कोणाला माझ्यावर प्रीती करायला लावू शकत नाही, पण मला झुंडीने ठार मारण्यापासून त्याला रोखू शकतो. कायद्याकडून काय मागायचे आणि काय नाही, हे याहून नेमके क्वचितच कोणी सांगितले असेल.

राजाश्रयी कायद्याच्या मर्यादा विसाव्या शतकात मतपेटीतून दिसल्या. इटलीत १९७० मध्ये घटस्फोटाचा कायदा झाला. तो रद्द करण्यासाठी १९७४ मध्ये घेतलेल्या सार्वमतात सुमारे ५९ टक्के मतदारांनी तो कायम ठेवला. आयर्लंडच्या १९३७ च्या संविधानात घटस्फोटाला बंदीच होती. १९९५ च्या सार्वमतात ती सुमारे ९,००० मतांच्या फरकाने उठली. दोन्ही देशांत मतदारांची मोठी बहुसंख्या कॅथलिक होती. घटस्फोटाला मान्यता देणाऱ्या सगळ्यांनी श्रद्धा सोडली होती, असे म्हणता येत नाही. स्वतः घटस्फोट घेणार नाही, पण शेजाऱ्याला कायद्याने अडवणारही नाही, अशीही भूमिका त्यांत होती. विरोधकांचा मुद्दाही पोकळ नव्हता. कायदा लोकांना वळण लावतो, आणि विवाह सहज मोडता येऊ लागला की त्याची झळ मुलांना व आर्थिकदृष्ट्या दुबळ्या जोडीदाराला बसते, असे ते म्हणत.

समलिंगी विवाहाच्या प्रश्नावर हीच फूट पुन्हा दिसते. कॅथलिक व ऑर्थोडॉक्स चर्चेस आणि बहुतेक इव्हँजेलिकल मंडळ्या विवाह स्त्री-पुरुषांतच मानतात. अमेरिकेतील प्रेस्बिटेरियन चर्चने (यूएसए) २०१५ मध्ये आपली व्याख्या बदलून तो दोन व्यक्तींमधला मानला. इंग्लंड आणि वेल्सच्या २०१३ च्या कायद्याने समलिंगी जोडप्यांना विवाहाचा हक्क दिला, मात्र चर्च ऑफ इंग्लंडच्या विधीने असे विवाह लावता येणार नाहीत, अशी तरतूदही त्यातच ठेवली.