घाम न येणारं मूल: आजाराची आणि चिडवण्याची पार्श्वभूमी

सोलापुरात मार्च लागला की सकाळची शाळा सुरू होते. एप्रिल-मेमध्ये पारा ४३-४४ अंशांवर जातो आणि दुपारी रस्ते ओस पडतात. अशा गावात एखाद्या मुलाला घामच येत नसेल, तर त्या घराचा उन्हाळा कसा जातो ते त्यांनाच ठाऊक. मूल जरा खेळून आलं की अंग भाजतं, ताप झपाट्यानं चढतो आणि तापाच्या औषधानं उतरत नाही, कारण तो जंतूंचा ताप नसतोच. डोक्यावर पाणी ओतायचं, ओल्या पंच्यात गुंडाळायचं, पंख्याखाली बसवायचं. तान्ह्या बाळांच्या तर हा ताप जिवावर बेतू शकतो.

हायपोहायड्रॉटिक एक्टोडर्मल डिसप्लेसिया हे या आजाराचं नाव. गर्भाच्या सगळ्यात बाहेरच्या थरातून त्वचा, केस, नखं, दातांचं कवच आणि घामाच्या ग्रंथी तयार होतात. त्यांना 'आता घडा' असा निरोप देणारं एक प्रथिन असतं. या मुलांमध्ये तो निरोप पोचत नाही. मग दात मोजकेच येतात, तेही सुळ्यासारखे टोकदार. केस विरळ, भुवया जवळजवळ नाहीत, डोळ्यांभोवती काळसर सुरकुत्या. बुद्धी मात्र चारचौघांसारखीच असते. म्हणूनच वर्गात आपल्याला काय म्हणतात ते त्या मुलाला पुरतं कळतं: बोळक्या, टकल्या, म्हातारबा.

वैद्यकाच्या दप्तरात हा आजार नवा नाही. १८४८ मध्ये इंग्लंडमध्ये जॉन थर्नम यांनी त्वचा, केस आणि दात अपुरे राहिलेल्या दोन रुग्णांची हकिगत मांडली होती. आपल्याला जवळची वाटावी अशी नोंद मात्र चार्ल्स डार्विनची आहे. पाळीव प्राणी आणि लागवडीखालच्या वनस्पतींमधल्या बदलांवर त्यानं मोठा ग्रंथ लिहिला. त्याच्या १८७५ च्या दुसऱ्या आवृत्तीत सिंधमधल्या एका हिंदू कुटुंबाची माहिती आहे. वेडरबर्न नावाच्या गृहस्थांनी ती त्याला कळवली होती. त्या कुटुंबात चार पिढ्यांत दहा पुरुष असे निघाले, की दोन्ही जबड्यांत मिळून चार बारीक, कमकुवत पुढचे दात आणि आठ दाढा. अंगावर केस नावाला, टक्कल लवकर, आणि उन्हाळ्यात कातडी कोरडी पडून अतोनात हाल. मुलींना त्रास होत नाही, पण त्यांच्या मुलग्यांत तो उतरतो, हेही डार्विननं नोंदवलं. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता, आणि सोलापूरही. म्हणजे आपल्याच इलाख्यातल्या घराची ही गोष्ट दीडशे वर्षांपूर्वी जगभर वाचली गेली. तरीही आज आपल्या शाळांत अशा मुलाला काय झालंय हे सांगू शकणारा माणूस सापडणं कठीण, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

डार्विनला कोडं सुटलं नव्हतं. ते पुढच्या शतकात उलगडलं. या आजाराच्या सगळ्यात जास्त आढळणाऱ्या प्रकाराचं जनुक एक्स गुणसूत्रावर आहे, आणि १९९६ मध्ये ते ओळखता आलं. पुरुषाकडे एक्स एकच, त्यामुळे त्यात दोष असला की आजार पूर्ण दिसतो. बाईकडे दोन असतात. एक चांगला असला तर तिचं बरंच निभावतं, पण दोन-चार दात कमी, केस पातळ, अंगावर मधेमधे घाम न येणारे पट्टे, अशा खुणा तिच्यातही असू शकतात. अशा आईच्या प्रत्येक मुलग्याला हा आजार होण्याची शक्यता निम्मी असते.

इथे आपल्या भागातली एक गोष्ट सांगायलाच हवी. मामाच्या मुलीशी लग्न सोलापूरकडे मराठी, कन्नड, तेलुगू अशा सगळ्या घरांत होत आलंय. असं मूल झालं की पहिलं बोट नात्यातल्या लग्नाकडे जातं आणि दुसरं सुनेकडे. आजाराच्या काही कमी आढळणाऱ्या प्रकारांत दोन्हीकडून दोष यावा लागतो आणि तिथे नात्यातलं लग्न धोका वाढवतं, हे खरं. पण एक्सवरच्या प्रकाराला नातं लागत नाही. कधी कधी तर आईतही दोष नसतो, बदल त्या मुलातच पहिल्यांदा झालेला असतो. 'तुझ्या माहेरचं आलंय' हे वाक्य ऐकत ज्या बायकांनी जन्म काढला, त्यांना हे कुणी कधी समजावून सांगितलं नाही. शाळेतलं चिडवणं त्या पोराच्या वाट्याला नंतर येतं, त्याच्या आईला घरातच आधी सुरू झालेलं असतं.

अमेरिकेत या आजाराच्या कुटुंबांची संघटना १९८१ मध्ये उभी राहिली, तीही एका आईनं, मेरी के रिश्टर यांनी, आपल्या मुलाच्या निदानानंतर.

वर्गातल्या छळाकडे गंभीरपणे पाहण्याचा इतिहास तर फारच लहान आहे. डॅन ओल्विअस या संशोधकानं १९७० च्या दशकात स्कँडिनेव्हियात त्याचा पद्धतशीर अभ्यास सुरू केला. १९८२ मध्ये नॉर्वेत तीन मुलांनी आत्महत्या केल्या, त्यामागे सोबत्यांचा छळ असावा असं दिसलं, आणि १९८३ मध्ये देशभर शाळांत मोहीम निघाली. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ चा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं शाळेत मुलाला मारायला आणि त्याचा मानसिक छळ करायला मनाई केली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीसवर नेले आणि दिव्यांग व्यक्तीचा चारचौघांत जाणूनबुजून अपमान करणं गुन्हा ठरवलं. त्या एकविसांत हिमोफिलिया आहे, थॅलेसेमिया आहे. घाम न येण्याचं नाव नाही. प्रमाणपत्र मागायला गेलेल्या पालकांपुढचा पेच तो हाच. मूल चालतं, बघतं, ऐकतं, मग टक्के कशाचे लावायचे? २०२५ मध्ये स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रोफी या दुर्मिळ आजारावरून केलेल्या विनोदांचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि कलाकारांना माफी मागायला सांगितलं गेलं. ते योग्यच झालं. पण सातवीतल्या पोरांना न्यायालयात कोण नेणार, आणि का न्यावं?

आमच्या पूर्व भागातल्या एका मुलानं वेगळी वाट धरली. वडील यंत्रमागावर, आई घरी विड्या वळते. शर्टाच्या कॉलरखाली ओला रुमाल बांधून तो शाळेत यायचा, बाटलीतलं पाणी मधेमधे छातीवर मारायचा, आणि पोरं 'आंघोळ झाली का रे' म्हणून हसायची. विज्ञानाच्या बाईंनी त्वचेचा धडा सुरू केला त्या दिवशी त्यानं विचारलं, 'बाई, मी सांगू का?' पुढे आला, तोंडातली कवळी काढून हातावर घेतली आणि म्हणाला, 'जबडा वाढला की ही बदलावी लागते. घाम मला येतच नाही, म्हणून मी पाणी मारतो. पळायला लावलं तर मी पडीन.' पोरं आधी गप्प झाली, मग प्रश्नांवर प्रश्न. ऊस कसा खातोस? झोपताना कवळी कुठे ठेवतोस? चिडवणं एका दिवसात थांबलं नाही, पण मैदानावर प्रार्थना लांबली की त्याला सावलीत न्यायला आता दोघं-तिघं स्वतःहून उठतात.

त्याच्या आईला सगळ्यात जास्त विचारायचं आहे ते धाकट्या लेकीबद्दल. तिचे केस पातळ आहेत, वरचे दोन दात आलेच नाहीत. तिच्या अंगातही हा दोष असेल का? हा प्रश्न आज फार मोलाचा आहे. जर्मनीतल्या एर्लांगेनच्या डॉक्टरांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलं की, आईच्या पोटात असतानाच गर्भजलात ते हरवलेलं प्रथिन सोडल्यावर जुळी भावंडं आणि आणखी एक मुलगा घाम येणारे जन्मले. या उपचाराच्या चाचण्या त्यानंतर पुढे सुरू झाल्या. पण पोटातल्या मुलाला आजार आहे हे आधी कळायला, आपल्या अंगात तो दोष आहे हे त्या बाईला ठाऊक असावं लागतं. त्यासाठी कुणीतरी तिच्या पातळ केसांकडे आणि न आलेल्या दातांकडे, नावं न ठेवता, वेळेत पाहायला हवं. बहुतेक वेळा ते पहिल्यांदा दिसतं दातांच्या डॉक्टरला.