सेल: भिंत गेली, नाव राहिलं

इंग्लिश शास्त्रज्ञ रॉबर्ट हूकने चाकूला वस्तऱ्यासारखी धार लावली आणि बुचाचा अगदी पातळ काप काढला. बूच फिकट रंगाचं, म्हणून काप काळ्या पट्टीवर ठेवला, भिंगाने त्यावर उजेड पाडला आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. एकाला एक लागून असलेले असंख्य बारीक कप्पे त्याला दिसले. 1665 साली आलेल्या ‘मायक्रोग्राफिया’ या ग्रंथात त्याने त्यांना ‘सेल’ म्हटलं.

हूकला मठातल्या साधूंच्या खोल्या आठवल्या, असं अनेक पाठ्यपुस्तकांत असतं. त्याचा मजकूर वाचला तर तो मधाच्या पोळ्याची उपमा देतो. पोळ्यातल्या कप्प्यांनाही इंग्रजीत सेलच म्हणतात, त्यामुळे नाव तिथूनच सुचलं असावं, असं मला वाटतं. पुढे त्याने कप्पे मोजले. इंचाच्या अठराव्या भागात साधारण 60, म्हणजे इंचभर लांबीत 1080. त्या हिशेबाने एका घन इंचात 1,25,97,12,000. हा आकडा त्याने ग्रंथात छापला आहे आणि तो वाचताना त्याचं आश्चर्य आजही जाणवतं.

शब्द मात्र हूकपेक्षा कितीतरी जुना. लॅटिनमध्ये ‘सेला’ म्हणजे लहान खोली, कोठार, देवळाचा गाभारा. त्यामागचं मूळ झाकणे, लपवणे या अर्थाचं. इंग्रजीतला तळघरासाठीचा ‘सेलर’ आणि लपवण्यासाठीचा ‘कन्सील’ ही त्याचीच भावंडं. संस्कृतमधला ‘शाला’ हा शब्दही भाषाशास्त्रज्ञ याच मुळाशी जोडतात. इंग्रजीत सेल आधी मोठ्या मठाच्या अखत्यारीतला छोटा मठ होता, मग एकट्या साधूची खोली झाला. तुरुंगातली कोठडी हा अर्थ 18व्या शतकातला.

हूकने पाहिलेले कप्पे रिकामे होते, कारण बूच म्हणजे झाडाची मेलेली साल. त्याला दिसल्या त्या मागे उरलेल्या भिंती. हिरव्या वनस्पतींत हे कप्पे रसाने भरलेले असतात, हेही त्याने नोंदवलं होतं, पण त्या रसाचं महत्त्व कळायला पुढे दीड-दोनशे वर्षं गेली. 1838 मध्ये जर्मन शास्त्रज्ञ श्लायडेनने वनस्पतींबद्दल आणि 1839 मध्ये श्वानने प्राण्यांबद्दल सांगितलं, की सगळी शरीरं सेलची, म्हणजे मराठीत पेशींचीच बनलेली असतात. पण प्राण्यांच्या पेशीला वनस्पतींसारखी जाड भिंत नसतेच! 1861 मध्ये माक्स शुल्ट्झेने पेशीची व्याख्याच बदलली: केंद्रक असलेला जीवद्रव्याचा, म्हणजे आतल्या सजीव रसाचा, लहानसा गोळा. त्या व्याख्येत भिंतीला जागा उरली नाही. खोलीचं नाव आता खोलीत राहणाऱ्याला लागलं होतं, आणि ते बदलावं इतकं कुणाला खटकलं नाही.

घड्याळातल्या, टॉर्चमधल्या सेलचं मूळ याहून सरळ आहे. 1800च्या सुमारास रसायनशास्त्रज्ञ विल्यम क्रुकशँकने लाकडी पेटीत तांब्या-जस्ताच्या जोडपट्ट्या ओळीने उभ्या बसवल्या. पट्ट्यांमधल्या फटींत द्रावण ओतलं की वीज तयार व्हायची. ते खरोखरच कप्पे होते, म्हणून सेल.

मोबाइलच्या सेलला तर भिंतही नाही आणि छप्परही नाही. रेडिओ लहरींच्या वारंवारिता (फ्रीक्वेन्सी) मोजक्याच, बोलणारे मात्र लाखो. 1947 मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधन संस्थेतल्या डग्लस रिंगने एका टिपणात तोडगा मांडला: प्रदेशाचे छोटे तुकडे करा, प्रत्येकाला कमी ताकदीचं स्वतंत्र प्रक्षेपण केंद्र द्या आणि एका तुकड्यात वापरलेली वारंवारिता थोड्या लांबच्या तुकड्यात पुन्हा वापरा. हे तुकडे म्हणजेच सेल. नकाशावर ते षट्कोनी काढतात. लहरी साधारण वर्तुळात पसरतात, पण वर्तुळं शेजारी-शेजारी ठेवली तर मध्ये फटी राहतात. सगळ्या बाजू आणि सगळे कोन सारखे असलेल्या आकृतींपैकी एकट्याने, फट न ठेवता जमीन झाकणाऱ्या तीनच: त्रिकोण, चौरस, षट्कोन. त्यांत वर्तुळाच्या सर्वांत जवळचा षट्कोन. प्रत्यक्षात इमारती आणि टेकड्या आडव्या येतात, त्यामुळे सेलची हद्द वेडीवाकडीच असते. आपण चालत्या गाडीत बोलत असतो तेव्हा यंत्रणा आपलं संभाषण एका सेलमधून दुसऱ्यात सोपवत जाते. अमेरिकेत तर लोक हातातल्या फोनलाच ‘सेल’ म्हणू लागले.