दहापैकी आठ आले, पुढं?

कोल्हापुरात रंकाळा तलावाच्या कठड्यावर भेळ खाता खाता भाचीनं मोबाइल पुढं केला. "मामा, दहापैकी आठ आले बघ की. मला बीपीडी आहे."

बीपीडी म्हणजे बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर, भावना, नाती आणि स्वतःची ओळख डळमळीत करणारा मानसिक आजार. तिनं सोडवलेली प्रश्नावली काही टाकाऊ नव्हे. अमेरिकेतल्या मॅक्लीन रुग्णालयातल्या मेरी झनारिनी आणि सहकाऱ्यांनी ती २००३ मध्ये प्रसिद्ध केली. हो-नाहीचे दहा प्रश्न. सात 'हो' आले तर पुढं नीट तपासा, एवढंच ती सांगते. मूळ अभ्यासात आजार असलेल्या शंभरातले ८१ जण तिनं पकडले, नसलेल्या शंभरातले ८५ बरोबर बाजूला काढले. आकडे झकास.

आता हीच चाळणी रंकाळ्यावर लावू. संध्याकाळी फिरायला आलेली हजार माणसं धरा. हा आजार साधारण एक ते दोन टक्के लोकांत आढळतो. दोन टक्के धरले तर वीस जण, त्यातले सोळा चाळणीत सापडतील. उरलेल्या ९८० जणांना आजार नाही, पण त्यातले पंधरा टक्के, म्हणजे १४७ जण, फुकटचे अडकतील. एकूण १६३ मोबाइलवर 'शंका' झळकेल, खरे सोळाच. दहात एक! मूळ अभ्यासातली माणसं आधी कधी ना कधी मानसोपचार घेतलेली होती, तिथं आजाराचं प्रमाणच जास्त. त्यामुळं तिथले आठ आणि कठड्यावरचे आठ एका मापाचे नाहीत.

दुसरी भानगड वेळेची. डॉक्टर नऊ लक्षणांपैकी किमान पाच शोधतात: कुणी सोडून जाईल ही भीती, आज देव तर उद्या राक्षस अशी नाती, आपण नक्की कोण हेच न उमगणं, पैसे-गाडी-नशेत बेभानपणा, स्वतःला इजा, तासातासाला पलटणारा मूड, कायमचा रितेपणा, न आवरणारा राग, ताणात संशय किंवा आपण आपल्यातच नाही असं वाटणं. हे सगळं तरुणपणापासून, घरी, कॉलेजात, मित्रांत, सगळीकडं दिसावं लागतं. भाचीचं ब्रेकअप होऊन अकरा दिवस झाले होते. अकराव्या दिवशी रितेपणाला 'नाही' कोण म्हणेल?

"आकडा सोड, प्रसंग लिही," मी म्हणालो. भडका उडायच्या आधी काय झालं, किती वेळ टिकला, नंतर तू काय केलंस, शाळेतही असंच व्हायचं का. सीपीआर या इथल्या सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत जा नाहीतर खासगी डॉक्टरकडं, तिथं ही वही आठच्या आकड्यापेक्षा कामाला येते.

आणि निदान खरंच झालं तर? स्वभावालाच औषध नाही म्हणून हात टेकणं मला आजाराहून घातक वाटतं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहन यांनी घडवलेली डीबीटी (डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी) ही बोलण्यातून, सरावातून चालणारी उपचारपद्धती यासाठीच आहे. झनारिनींनी दहा वर्षं पाठपुरावा केलेल्या रुग्णांपैकी ९३ टक्के जण सलग दोन वर्षं तरी निदानाच्या निकषांबाहेर राहिले.

एका प्रश्नाला मात्र बेरीज लागू नाही. स्वतःला मुद्दाम इजा केली का, मरायचा प्रयत्न केला का? तिथं 'हो' असेल तर बाकीचे नऊ 'नाही' असोत, थांबायचं नाही. टेलिमानसचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, चोवीस तास, मराठीतही बोलतात.

"त्या प्रश्नाला काय लिहिलंस?" मी विचारलं.

तिनं स्क्रीन वर सरकवून माझ्याकडं वळवली. 'नाही' होतं. मग मी भेळेत हात घातला.