ब्रोच कुठे सापडला, ही नोंद

अँग्लो-सॅक्सन ब्रोच, म्हणजे रोमन सत्तेनंतर इंग्लंडमध्ये वसलेल्या जर्मानिक लोकांचा वस्त्राला लावायचा टाचणीचा दागिना, आज जुन्या वस्तूंच्या लिलावात सहज दिसतो. तांब्याच्या मिश्रधातूचा, हिरवट गंज चढलेला, मुलामा कुठे कुठे उरलेला, मागची लोखंडी टाचणी बहुधा झडून गेलेली. पाचव्या-सहाव्या शतकात इंग्लंडमधल्या बायका असे ब्रोच जोडीने लावत, दोन खांद्यांवर एकेक. अंगाभोवतीचं वस्त्र त्यांनीच धरून ठेवलेलं असे. बाई वारली की ब्रोचही तिच्यासोबत मातीत जाई, म्हणून तर ते आपल्यापर्यंत पोचले. ५९७ साली ऑगस्टीन हा धर्मप्रचारक आग्नेय इंग्लंडमधल्या केंटमध्ये आला, ख्रिस्ती धर्म पसरला आणि आठव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत दागिन्यांसह पुरण्याची चाल जवळजवळ संपली.

या ब्रोचना संग्राहकांच्या जगात मान मिळायला फार वेळ लागला. ब्रायन फॉसेट या पाद्र्याने अठराव्या शतकात केंटमध्ये शेकडो थडगी उकरली. ५ ऑगस्ट १७७१ रोजी किंग्स्टन डाउनवरच्या एका बाईच्या थडग्यात सोन्याचा गोल ब्रोच निघाला, जेमतेम साडेआठ सेंटिमीटरचा. सोन्याच्या बारीक पट्ट्या उभ्या करून केलेली इवली इवली घरं, त्यांत बसवलेले लाल गार्नेट खडे, निळी काच, पांढरा शिंपला. अशा कामात गार्नेटखाली चौकडी उठवलेला सोन्याचा पातळ पत्रा ठेवत, म्हणजे आत गेलेला उजेड उसळून वर येई. त्या काळी युरोपात वापरलेल्या गार्नेटपैकी बरेचसे भारत आणि श्रीलंकेतून गेलेले होते, हे आता रासायनिक तपासणीतून कळलं आहे.

ही थडगी सॅक्सनांची आहेत हे फॉसेटला उमगलं नाही. तो ती रोमन वळणाच्या ब्रिटनांची समजला. पण कोणत्या थडग्यात काय मिळालं हे त्याने वहीत नीट टिपून ठेवलं, आणि माझ्या मते त्याचं खरं मोठेपण यातच आहे. पुढे १७९३ मध्ये जेम्स डग्लसने अशी थडगी सॅक्सनांची असल्याचं मांडलं.

फॉसेटचा संग्रह १८५३ मध्ये ब्रिटिश म्युझियमला देऊ केला गेला, तर विश्वस्तांनी तो घेतला नाही! आपल्याच मातीतल्या वस्तूंची त्यांना किंमत नव्हती. लिव्हरपूलचा सोनार जोसेफ मेयर पुढे आला, त्याने संग्रह विकत घेतला आणि १८६७ मध्ये आपल्या शहराला देऊन टाकला. किंग्स्टन ब्रोच आजही तिथेच आहे.

नोंद नसली की काय होतं ते फुलर ब्रोचने दाखवलं. नवव्या शतकातला हा चांदीचा ब्रोच, निएलोच्या, म्हणजे कोरलेल्या रेघांत काळं मिश्रण भरण्याच्या, कामात पंचेंद्रियं कोरलेला. तो मूळ कुठे मिळाला हे कुणाला ठाऊक नव्हतं, शिवाय तो इतका सुस्थितीत होता की जाणकारांनी तो नकली ठरवला. कॅप्टन फुलरने तो चांदीच्या भावाने घेतला. पुढे तपासणीत अस्सल ठरल्यावर १९५२ मध्ये त्याने तो ब्रिटिश म्युझियमला दिला.

आजच्या बाजाराचा पाया १९९६ चा ट्रेझर अॅक्ट, म्हणजे इंग्लंडमधला सापडलेल्या मौल्यवान जुन्या वस्तूंचा कायदा. तीनशे वर्षांहून जुनी आणि निदान १० टक्के सोनं-चांदी असलेली वस्तू सापडली तर ती कळवावीच लागते. तांब्याचा एकटा ब्रोच बहुधा त्यातून सुटतो आणि कायदेशीरपणे विकला जातो. १९९७ पासून पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम या नोंदणी योजनेत मेटल डिटेक्टरवाले आपली सापडलेली वस्तू स्वेच्छेने नोंदवतात, जागेसकट. ब्रोच घेणाऱ्याने विक्रेत्याकडे भावाच्या आधी हा नोंदणी क्रमांक मागावा.